मुंबईत कुठे खावं, काय पाहावं: आधी वार बघा, मग नाव

मुंबईला येणाऱ्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेकांना ठिकाणांची नावं हवी आहेत आणि ती पुढे येतीलच. पण या शहरात फजिती होते ती नाव चुकल्यामुळे क्वचित. वार आणि वेळ चुकल्यामुळे जास्त. म्हणून प्रत्येक उत्तरात आधी वार येईल, त्यानंतर पत्ता.

प्रश्न : आम्ही पाच जण येत आहोत. आई ७२ वर्षांची, मुलं नऊ आणि सहा वर्षांची. मुक्काम दादरला, हाताशी रविवार आणि सोमवार. रविवारी राणीची बाग आणि सोमवारी गर्दी कमी म्हणून घारापुरी, असं ठरवलं आहे. बरोबर आहे का? आईला पायऱ्या झेपतील का? (नांदेड)

दोन्ही दिवसांची अदलाबदल करा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेवर सोमवारीसुद्धा बोटींची तिकिटं पुकारली जातात. ती बंदरात चक्कर मारून परत आणणाऱ्या बोटींची. घाईत ते लक्षात येत नाही आणि समुद्रात गेल्यावर कळतं. राणीची बाग बुधवारी बंद असते, सोमवारी उघडी. तेव्हा रविवारी घारापुरी, सोमवारी बाग.

रविवारची अडचण म्हणजे मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही लोकल बंद ठेवतात किंवा वळवतात. मध्य आणि हार्बर मार्गावर तो बहुतेक रविवारी असतो, साधारण सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत. शनिवारी वेळापत्रक जाहीर होतं, ते बघून ठेवा. दादरहून आठ-सव्वाआठला निघालात तर जाताना त्याचा त्रास नाही. येताना मेट्रो ३ धरा. हुतात्मा चौक किंवा सीएसएमटीहून ती थेट दादरला येते, स्थानकांत लिफ्ट आहेत, आईला जिना चढायला नको. एवढंच ध्यानात ठेवा की दादरचं मेट्रो स्थानक रेल्वे स्थानकाला लागून नाही. ते पश्चिमेला शिवाजी पार्कच्या बाजूला आहे.

गेटवेहून पहिल्या बोटी नऊच्या सुमारास सुटतात. जायला साधारण तास लागतो. तिकीट जाऊन-येऊनचं असतं, ते परतीपर्यंत जपून ठेवा. पाकिटात ठेवा, मुलांच्या हातात देऊ नका. लाइफ जॅकेट दिलं नाही तर मागून घ्या आणि मुलांच्या मापाचं आहे ना ते घालून बघा. मोठ्या मापाचं जॅकेट लहान मुलाच्या काखेतून वर सरकतं. वरच्या डेकवर बसायला थोडे जास्त पैसे पडतात. सकाळी ते द्यायला हरकत नाही, पण परतताना दुपारच्या उन्हात खालीच बसा.

बेटावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लांबलचक सरळ वाट आहे. तिथे छोटी झुकझुक गाडी मिळते. आईसाठी आणि मुलांसाठी तीच घ्या. खरी परीक्षा पुढे आहे. सुमारे १२० पायऱ्या. त्या उंच नाहीत, दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, वर ताडपत्रीची सावली आहे. गुडघे दुखत नसतील तर तीनदा थांबत वीस मिनिटांत चढता येतं. दुखत असतील तर डोलीची खुर्ची मिळते. भाव बसण्याआधी ठरवा, आणि ‘जाऊन-येऊन’ हा शब्द उच्चारून ठरवा, नाहीतर उतरताना पुन्हा घासाघीस होते. लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना माफ.

वर माकडं आहेत आणि ती सराईत आहेत. त्यांना पिशवीतला वास कळायची गरजच नसते. हातात लोंबणारी प्लॅस्टिकची पिशवी दिसली की पुरे. खाऊ, पाण्याची बाटली सगळं पाठीवरच्या चेनवाल्या बॅगेत. हातात काही नको. माकडाने काही ओढलंच तर सोडून द्या; चावे बसतात ते ओढाताणीत.

पहिल्या मोठ्या लेण्यात शिरल्यावर लगेच त्रिमूर्तीकडे धावू नका. बाहेरच्या उन्हातून आल्यावर दोन मिनिटं काही दिसत नाही. डोळे सरावू द्या, मग दक्षिणेच्या भिंतीकडे जा. सुमारे वीस फूट उंचीची ती मूर्ती म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हे, हा सदाशिव आहे. तिन्ही मुखं शिवाचीच. मुलांना सांगायला सोपं पडेल असं बघा: आपल्या डाव्या हाताचं मुख उग्र, मिशा असलेलं, समोर साप, उजव्या हाताचं मुख नाजूक, हातात कमळ, मधलं मुख मिटल्या डोळ्यांचं, शांत. त्याच भिंतीवर डावीकडे अर्धनारीश्वर आणि उजवीकडे गंगाधर आहे. या तीन शिल्पांसमोर अर्धा तास द्या, बाकीच्या लेण्यांना पंधरा-वीस मिनिटं पुरतात. दीड-दोनच्या सुमारास तुम्ही गेटवेला परत असाल. रविवारी फोर्टातली कचेऱ्यांसाठी चालणारी बरीच हॉटेलं बंद असतात, तेव्हा जेवायला फोर्टात शिरू नका. कुलाब्यात राहा. शाकाहारी असाल तर कैलास पर्बत बरं पडेल: छोले भटुरे, रगडा पॅटिस, मुलांना पाणीपुरी. तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत गाठता येतं, पण आई दमली असेल तर ते सोडा. एका दिवसाला घारापुरी पुरेशी आहे.

सोमवारी सकाळी दादर पश्चिमेला स्थानकाजवळ मामा काणे यांच्याकडे नाश्ता करा. हे उपाहारगृह १९१० सालचं आहे, बटाटावडा घ्या. तिथून भायखळा. राणीच्या बागेत सकाळीच शिरा, कारण दुपारी ऊन चढलं की प्राणी आडोशाला जातात आणि मुलं रिकामे पिंजरे बघून कंटाळतात. पेंग्विन थंड खोलीत असल्यामुळे त्यांना दुपार-सकाळ सारखीच. त्यांना शेवटी ठेवा. आणि बागेला लागूनच असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय चुकवू नका. १८७२ साली उघडलेली ही वास्तू आतल्या रंगीत छतासाठी आणि ओतीव लोखंडाच्या खांबांसाठीसुद्धा बघावी. जुन्या मुंबईची मातीची छोटी मॉडेल्स मुलांना हमखास आवडतात. बाहेरच्या आवारात दगडी हत्ती उभा आहे, तो मुलांना मुद्दाम दाखवा. आदल्या दिवशी ज्या बेटावर गेलात, त्याला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटलं ते याच हत्तीवरून. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना फुटला, आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला. सांधे जवळून पाहिले की दिसतात.

प्रश्न : जुलैत मुंबईत आहोत. दादरला अस्सल मासळीची थाळी खायची आहे. सुरमई घ्यावी की पापलेट? (जळगाव)

जुलै म्हणालात म्हणून आधी एक गोष्ट. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, म्हणून जुलैत मुंबईच्या ताटात येणारी सुरमई-पापलेट एक तर शीतगृहातली असते किंवा बर्फात घालून तिकडून आलेली. ती वाईटच असते असं नाही, पण किंमत चढलेली असते आणि चव उतरलेली. फार दिवस गोठवलेला मासा तोंडात कोरडा, भुसभुशीत लागतो. ताज्या पापलेटचं मांस पाकळीसारखं सुटून येतं.

म्हणून जुलैत कोकणी माणूस घरी जे खातो तेच मागा: सुकट, जवळा, सोडे ही वाळवलेली मासळी, आणि मिळाल्या तर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. सोड्याची खिचडी किंवा जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी हे पावसाळ्याचं जेवण आहे, तडजोड नव्हे. कोंबडी-वडेसुद्धा याच दिवसांत जास्त गोड लागतात. दादर पश्चिमेला सिंधुदुर्ग, चैतन्य, गोमांतक ही नावाजलेली ठिकाणं आहेत. बसल्यावर मेन्यूकार्डाआधी वाढप्याला ‘आज ताजं काय आलंय?’ विचारा. मराठीत विचारा, उत्तर बहुधा खरं मिळतं.

ऑगस्टनंतर येणाऱ्यांसाठी: सुरमईला मधला एकच जाड काटा, म्हणून मुलांना आणि काटे काढायची सवय नसलेल्यांना तीच. बांगडा स्वस्त आणि चवीला जबरदस्त, पण काटेरी. त्यात तिरफळ घातलेलं कालवण मिळालं तर तळलेल्याच्या मागे लागू नका. बोंबील मागवलात तर तुकडा दाबून बघा. बोंबलात पाणी फार, म्हणून तळण्याआधी तो चिरून, वजनाखाली दाबून पाणी काढावं लागतं. हे केलं नसेल तर बाहेरून रवा कुरकुरीत आणि आत लगदा. चांगला तळलेला बोंबील चपटा असतो आणि बोटांनी उचलला तर वाकत नाही.

सोलकढीकडेही नीट बघा. नारळाचं दूध आणि आगळ (कोकमाचा रस) एकत्र करून बराच वेळ ठेवलं की वर पांढरा थर आणि खाली पाणी असं फुटतं. तशी आली तर ती सकाळची आहे. बदलून मागायला संकोच नको.

प्रश्न : संकष्टीच्या दिवशी मुंबईत आहोत, घरच्यांचा कडक उपास. बाहेर काय खाता येईल? (अकोला)

दादरचं प्रकाश शाकाहारी उपहार केंद्र साबुदाणा वड्यासाठी ओळखलं जातं आणि पियूष तिथेच प्यावं. श्रीखंड, ताक, जायफळ-वेलची, केशर. उपासाला सगळं चालणारं. वडा आला की पाच मिनिटांत संपवा, बोलत बसू नका. साबुदाण्याच्या वड्यातली वाफ बाहेरचं कवच आतून मऊ करते आणि मग तो चिवट होतो.

कडक उपास असेल तर तीन गोष्टी विचाराव्यात, कुठेही गेलात तरी. वडे वेगळ्या कढईत तळता का, की बटाटावड्याच्याच तेलात? चटणी उपासाची आहे का? वड्यात कोथिंबीर आणि जिरं आहे का? कोथिंबीर आणि जिरं काही घरांत चालतात, काही घरांत नाही, त्यामुळे हॉटेलवाल्याला दोष देता येत नाही. विचारलं की सांगतात. मंगळवारी येणाऱ्या अंगारकीला मात्र प्रभादेवी-दादरच्या परिसरात सिद्धिविनायकाची गर्दी असते. त्या दिवशी खाणं सकाळी नऊच्या आत उरका.

प्रश्न : माटुंग्याला दाक्षिणात्य नाश्ता करायचा आहे. कॅफे मद्रास, रामाश्रय, रामा नायक, नावं बरीच ऐकली. एकच सकाळ आहे. (नागपूर)

ही सकाळ सोमवारची नसेल तर पुढे वाचा. कॅफे मद्रास आणि रामा नायक दोन्ही सोमवारी बंद असतात.

शिवाय ही तिन्ही ठिकाणं एका प्रकारची नाहीत. रामा नायक उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग हे जेवणाचं ठिकाण आहे, नाश्त्याचं नव्हे; १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढतात. नाश्ता कॅफे मद्रास किंवा रामाश्रयला. रामाश्रय भल्या पहाटे उघडतं. साडेसातच्या आत पोचाल तर बसायला जागा, गरम उपमा आणि त्या दिवशीचा शिरा. शिऱ्याचा प्रकार रोज बदलतो, म्हणून आधी तो कोणता ते विचारा. कॅफे मद्रासला नाचणीचा डोसा, पोडी इडली, रसम वडा. शनिवार-रविवारी नऊनंतर दारात नावं लिहून घेतात आणि पाऊण तास सहज उभं राहावं लागतं. चार जण असाल तर चारही जण हजर असल्याशिवाय आत घेत नाहीत, तेव्हा एकाला पुढे पाठवून उपयोग नाही.

तुमची सकाळ अशी बसवा. साडेसातला रामाश्रयला इडली-शिरा-कॉफी, पोट अर्धं रिकामं ठेवून. मग बाजारातून फिरा. फुलांच्या वेण्या, केळीची पानं, ताजी दळलेली कॉफी हे सगळं तिथल्या गल्ल्यांत आहे. कॉफी पावडर घेताना चिकोरी किती टक्के हवी ते दुकानदार विचारेल. घरी फिल्टर असेल तर ७० टक्के कॉफी, ३० टक्के चिकोरी सुरुवातीला बरी. साडेअकराला रामा नायककडे दुपारच्या जेवणाच्या रांगेत. रसम आणि ताक सगळ्यात शेवटी आणि पातळ असतात. पान आपल्याकडे उतरतं असेल तर भाताचं आळं करून त्यात घ्या.

लोकलची एक चूक बरेच जण करतात: पश्चिम रेल्वेच्या ‘माटुंगा रोड’ला उतरतात आणि पूल ओलांडून बरीच पायपीट होते. तुम्हाला मध्य रेल्वेचं माटुंगा हवं, पूर्व बाजू. जलद लोकल तिथे थांबत नाही, धीमीच घ्या.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. मुंबईच्या जुन्या इमारती गाइड न घेता, चालत बघायच्या आहेत. दोन-तीन तास चालू शकतो. कुठून सुरुवात करू? (सातारा)

ओव्हल मैदानापासून, दुपारी साडेचारला. वेळ मुद्दाम सांगतो आहोत. मैदानाच्या पूर्वेची गॉथिक रांग पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून संध्याकाळचं ऊन थेट तिच्या दगडावर पडतं आणि पिवळसर दगड उजळून निघतो. सकाळी गेलात तर त्याच इमारती काळपट, सपाट दिसतात.

चर्चगेटला उतरून इरॉसपाशी या (१९३८). तिथून महर्षी कर्वे मार्गाने दक्षिणेकडे चालत राहा. डाव्या हाताला मैदान, उजव्या हाताला आर्ट डेको इमारतींची ओळ. गोलाकार कोपऱ्यांचे सज्जे, खिडक्यांवर भुवईसारख्या पुढे आलेल्या पडद्या, जहाजाच्या कठड्यासारखे आडवे गज, दारावर शिल्पाक्षरांत कोरलेली इमारतीची नावं. ही घरं १९३०च्या दशकातली, सिमेंट काँक्रीटची. मग मैदानाच्या मधल्या पायवाटेवर जाऊन उभं राहा आणि मान डावी-उजवी करा. एका बाजूला १८७०च्या दशकातली दगडी मुंबई, दुसऱ्या बाजूला साठ वर्षांनंतरची काँक्रीटची. ही समोरासमोरची जोडी २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. गॉथिक रांग बांधली तेव्हा तिच्यासमोर मैदान आणि त्यापुढे समुद्रच होता. आर्ट डेको रांग उभी आहे ती नंतर भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर. दोन रांगांमध्ये किनारा किती सरकला, हे त्या पायवाटेवर उभं राहून पावलांनी मोजता येतं.

पूर्वेला दक्षिणेकडून क्रमाने जुनं सचिवालय, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर, मग उच्च न्यायालय. राजाबाई टॉवर २८० फुटी आहे, १८७८ साली पुरा झाला. पैसे प्रेमचंद रायचंद यांनी दिले आणि नाव आपल्या आईचं ठेवायला लावलं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईत कधी आलेच नाहीत. दुर्बीण असेल तर आणा. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. प्रत्येकाची पगडी आणि पेहराव वेगळा, आणि नुसत्या डोळ्यांना तो फरक कळत नाही.

पुढे हुतात्मा चौक, फ्लोरा फाउंटन (१८६४), आणि दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींखालून सरळ सीएसएमटी. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी १८७८ मध्ये काम सुरू केलं, दहा वर्षं चाललं. समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच (१८९३). तिच्या बाजूने उभं राहून स्थानक बघा. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ आहे: ब्रिटन आणि हिंदुस्थान. अंधार पडला की दिवे लागतात, पण त्याआधी आत जाऊन उपनगरी तिकीटघरात वर बघा. निळ्या छतावर सोनेरी तारे, खाली संगमरवरी खांब. लाखो लोक तिकिटासाठी खाली बघत तिथून जातात. परत जायचं तिकीट तिथेच काढा.

हे फिरणं रविवारी केलंत तर रस्ते मोकळे मिळतील आणि इमारती अख्ख्या दिसतील. फक्त खाण्याची सोय आधी चर्चगेटला करून घ्या.

प्रश्न : इराण्याकडे ब्रून मस्का मागितला, पाव दगडासारखा निघाला. शिळा होता का? (बेळगाव)

नाही. ब्रून तसाच असतो. बाहेरचं कवच कडक, आत मऊ. थेट चावायचा नसतो. चहात बुडवून, तीन मोजून काढायचा. दात हलत असतील किंवा कडक नको असेल तर ‘बन मस्का’ मागा, तो गोडसर आणि मऊ. कयानी (१९०४, मेट्रो सिनेमासमोर, मरीन लाइन्सहून पाच मिनिटं) हे ठिकाण पहिल्यांदा जाणाऱ्याला उत्तम. चहाबरोबर अकुरी (पारशी पद्धतीची अंडाभुर्जी) किंवा खिमा-पाव घ्या.  

प्रश्न : कान्हेरी लेणी पावसाळ्यात बघावीत का? घसरण्याची भीती वाटते. (पुणे)

पावसाळ्यातच बघावीत, पण मुसळधार कोसळत असताना नव्हे. लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत; फार पाऊस असला की उद्यानात प्रवेश थांबवतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. आणि सोमवारी उद्यानही बंद, लेणीही बंद.

पावसाळाच का, तर कान्हेरीचं खरं कौशल्य पाण्यात आहे. शंभरावर लेणी एका डोंगरावर; तिथे भिक्खू बारा महिने राहायचे तर पाणी साठवणं भाग होतं. म्हणून जवळजवळ प्रत्येक विहाराशी पोढी, म्हणजे दगडात खोदलेलं टाकं. उन्हाळ्यात ते नुसते खड्डे वाटतात. रिमझिम असताना लेण्याच्या दर्शनी भागाच्या वर बघा: हातभर रुंदही नसलेली पन्हळ दगडात कोरलेली आहे, डोंगरावरचं पाणी दारावर न पडता तिच्यातून वळून बाजूच्या टाक्यात पडतं. दोन हजार वर्षांपूर्वीची सोय डोळ्यांसमोर चालू असते.

लेणे क्र. ३ हा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं लेणं, व्हरांड्यात दोन्ही टोकांना बुद्धाच्या भव्य उभ्या मूर्ती. ११ क्रमांकाच्या लेण्यात बसायचे दोन लांबलचक दगडी ओटे आहेत. ४१ मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे, तो बहुतेक जण चुकवतात. ९० मध्ये अकराव्या शतकात इथे आलेल्या पारशांनी पहलवी लिपीत कोरलेली नावं आहेत.

घसरण्याचं म्हणाल तर धोका पायऱ्यांपेक्षा उतारावरच्या शेवाळी कातळाला जास्त. हिरवा किंवा काळा चकचकीत भाग टाळा, खडबडीत तांबूस भागावर पाय ठेवा. चपला आणि गुळगुळीत तळाचे बूट नकोत. छत्रीपेक्षा रेनकोट, दोन्ही हात मोकळे हवेत. ओढ्यात मुलांना उतरू देऊ नका, वर डोंगरावर पडलेला पाऊस मिनिटांत खाली येतो.

बोरिवली पूर्वेहून किंवा मेट्रो ७च्या राष्ट्रीय उद्यान स्थानकावरून मुख्य फाटक जवळ आहे. फाटकापासून लेणी सहा किलोमीटर आत. तिथे जाणारी बस मिळते. सकाळी लवकर गेलात तर गाडी भरायची वाट बघावी लागते, पण लेणी रिकामी मिळतात. वर जेवणाची धड सोय नाही, घारापुरीसारखीच माकडं आहेत. जेवण खाली बोरिवलीत.

प्रश्न : रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला जायचं आहे. आमच्यातले दोघं शाकाहारी, अंडंही खात नाहीत. त्यांनी काय खावं? (कोल्हापूर)

सगळ्यात आधी हे सांगा त्यांना: तिथल्या मालपुव्यात अंडं असतं. गोड पदार्थ म्हणून बेधडक खाल्ला जातो आणि मग वाईट वाटतं. त्यांच्यासाठी मातीच्या सकोऱ्यातली फिरनी, फळं, खजूर, आणि बोहरी मोहल्ल्यातलं ताज आइसक्रीम. १८८७ पासून ते हाताने फिरवायच्या संच्यात आइसक्रीम करतात, सीताफळाचं घ्या. तळलेलं काहीही मात्र सामाईक तेलातलं समजा.

बाकीच्यांनी मिनारा मशिदीच्या गल्लीत जावं. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या बांगेला पोचू नका. त्या वेळी दुकानदार स्वतः रोजा सोडत असतात. पंधरा-वीस मिनिटं थांबा. तिथून तरावीहची (रमजानमधली रात्रीची) नमाज सुटेपर्यंत, म्हणजे दहाच्या सुमारापर्यंत, त्यातल्या त्यात मोकळीक असते. त्यानंतर आणि शेवटच्या दहा दिवसांत ईदची खरेदी सुरू झाली की लहान मुलांना घेऊन जाऊ नये. गाडी नेऊ नका. मशीद स्थानकाला उतरून चालत जा, आणि तिघाचौघांत एकच प्लेट मागवा. एका गाडीवर पोट भरलं तर पुढच्या दहा गाड्या नुसत्या बघाव्या लागतात.